मदत हवी आहे: पावसाळी कोकणात लेन्सवर धरणारे बाष्प कसे टाळावे?

नमस्कार. गेल्या रविवारी आम्ही दोघे कोल्हापूरहून फोंडा घाटाने मालवणकडे तिबोटी खंड्या पाहण्यासाठी गेलो होतो. हा तीन बोटांचा चिमुकला पक्षी पावसाळ्यातच ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून घरटे करतो. एसी गाडीतून उतरताच लेन्सवर बाष्प धरले आणि ते पुसेपर्यंत, चोचीत सापसुरळी धरून समोरच्या फांदीवर बसलेला खंड्या उडून गेला. पोहोचण्यापूर्वी अर्धा तास एसी बंद ठेवणे पुरेसे आहे, की कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेला सरावू द्यावा? शिवाय परतल्यावर बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) घातलेला हवाबंद डबा चालेल काय, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. घरट्याजवळ जाऊन छायाचित्रे काढण्याचे मार्ग मात्र सुचवू नयेत.