मदत हवी आहे: शामोनीचं जुनं रेल्वे-पोस्टर, अस्सल की रिप्रिंट?

मंडळी, जुन्या पोस्टरांतलं कळणारं कुणी आहे का इथे?

आम्ही सध्या फ्रान्समध्ये, लियाँला असतो. इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात एकाकडे शामोनीच्या (आल्प्समधलं फ्रेंच गाव) हिवाळी खेळांचं पोस्टर फ्रेम करून लावलंय. कोपऱ्यात रोजे ब्रोदेर या पोस्टर-चित्रकाराची सही, खाली 'पीएलएम' ही अक्षरं. विक्रेता ४०० युरो सांगतोय आणि १९३०च्या आसपासचं अस्सल आहे म्हणतोय. मला ते बाबांसाठी घ्यायचंय. त्यांची सगळी नोकरी मध्य रेल्वेत गेली, आता डोंबिवलीला असतात. बर्फाशी काही घेणंदेणं नाही, पण रेल्वे म्हटलं की कुठल्याही देशाची चालते.

पीएलएम म्हणजे पॅरिस-लियाँ-मेडिटेरेनियन ही तेव्हाची खाजगी रेल्वे कंपनी. हिची गाडी १९०१ साली शामोनीला पोचली. डोंगरात एवढा खर्च करून रूळ टाकल्यावर डबे हिवाळ्यातही भरायला हवेत, म्हणून कंपनीच चित्रकारांकडून पोस्टरं काढून घ्यायची आणि स्टेशनांवर लावायची. १९२४ला शामोनीत पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं, त्याचं गरुड आणि बॉबस्लेवालं (बर्फावरची घसरगाडी) पोस्टरही पीएलएमचंच. ते ऑग्युस्त मातिसचं (प्रसिद्ध आंरी मातिस तो वेगळा). ब्रोदेर त्यानंतर गाजला. सपाट रंग, बर्फावर निळ्याजांभळ्या सावल्या, माणसं मोजकीच. मला तर तोच सगळ्यांत आवडतो.

१९३८ साली पीएलएम एसएनसीएफ या फ्रान्सच्या सरकारी रेल्वेत विलीन झाली. म्हणजे पीएलएम लिहिलंय तर पोस्टर त्याआधीचं, हे बरोबर ना? शंका एवढ्यासाठी की फ्रेम उघडून दाखवा म्हटलं तर तो टाळतो. "मागे सील आहे, उघडलं की किंमत जाते" म्हणे. काचेतून दिसतं ते असं: कागद पिवळसर, एक आडवी घडी, कडेला पांढरी पट्टी जवळजवळ नाहीच.

कुणी सांगेल का, काय बघू? आणि घेतलंच तर डोंबिवलीच्या पावसाळ्यात ते टिकेल का?

प्रतिसाद १

ताई, पीएलएम या अक्षरांवरून चित्र कधीचं ते कळतं, कागद कधीचा ते नाही. रिप्रिंटवरही तीच अक्षरं, तीच सही येणार. चोरबाजारात जुन्या सिनेमांची पोस्टरं घेणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

घड्याळजी वापरतात तसलं भिंग घेऊन जा, १० पटीचं. काच असली तरी चित्र काचेला लागून असेल तर दिसेल. निळ्या सावलीचा किंवा आकाशाचा भाग बघा. आकाशी, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके ओळीत मांडलेले दिसले तर ती ऑफसेटची छपाई, म्हणजे अलीकडची प्रत. ब्रोदेरची पोस्टरं लिथोग्राफीने (शिळाछपाईने) छापली जायची. तिच्यात प्रत्येक रंगाची शाई वेगळी चढते, त्यामुळे रंग सलग दिसतो, फार तर खडूने घासल्यासारखा ओबडधोबड दाणा दिसेल. दोन रंग भेटतात तिथे एखादा रंग केसभर सरकलेलाही सापडतो.

मग टेप लावा. ब्रोदेरची पीएलएम पोस्टरं साधारण ६२ बाय १०० सेंटीमीटरची. ५० बाय ७० भरलं तर बाजारातल्या तयार फ्रेमच्या मापाला छापलंय असं समजा. खालच्या कडेला छापखान्याचं नाव शोधा. ब्रोदेरच्या बऱ्याच पोस्टरांवर 'ल्युसियाँ सेर, पारी' असं बारीक अक्षरांत असतं. तुम्ही म्हणता पांढरी पट्टी नाही, म्हणजे नेमकी ती ओळ कापली गेली असेल. मला हेच सगळ्यांत जास्त खटकतंय. पिवळेपणा आणि घडी यांवर जाऊ नका, दोन्ही छापता येतात. घडी खरी असेल तर तिथे शाई तडकलेली दिसते.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, फक्त एक दुरुस्ती. ठिपके दिसले की नकली, हे सरसकट धरू नका. स्वित्झर्लंडची हर्बर्ट माटरची पोस्टरं (पोंत्रेसिनाचं ते गॉगलवाल्या मोठ्या चेहऱ्याचं आठवा) फोटो जुळवून केलेली आहेत, तिथे अस्सल प्रतीतही ठिपक्यांची जाळी दिसणार. ब्रोदेरला मात्र भिंगाची कसोटी लावा.

किंमतीचं म्हणाल तर त्याची स्कीची अस्सल पोस्टरं लिलावात हजारो डॉलरला जातात. रोज पोस्टरं विकणाऱ्याला हे माहीत नसेल? ४०० युरो हा रिप्रिंटला भारी आणि अस्सलला फारच स्वस्त भाव. फ्रेम उघडत नसेल तर सरळ सोडून द्या.

शिवाय ब्रोदेर १९५३ साली गेला, फ्रान्समध्ये कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. २०२४पासून त्याची चित्रं कुणीही छापू शकतो. बाबांना भिंतीवर शामोनी हवं असेल तर चांगल्या कागदावरची प्रत राजरोस, थोडक्या पैशांत मिळेल. रिप्रिंट घेण्यात कमीपणा नाही, फक्त अस्सलचे पैसे मोजू नका.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. त्याला उद्या फोन करून माप विचारते, बाकीचं रविवारी. पावसाळ्याचं मात्र राहिलंच.

प्रतिसाद १

हो, राहिलं. जुनी पोस्टरं टिकावीत म्हणून कापडावर चिकटवतात, त्याला स्टार्चची खळ वापरतात. कसरीला ती फार आवडते. म्हणून अस्सल असेल तर फ्रेम मागून नीट बंद हवी. कागद काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी घाला, नाहीतर जुलैत बुरशीचे डाग आलेच. बाहेरच्या बाजूची, पाऊस लागणारी भिंत नको, ऊनही नको. फ्रेमवाला हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवून देतो म्हणाला तर ठाम नाही म्हणा.

नेताना रुंद नळीत सैल गुंडाळून न्या. मीटरभर नळी केबिनमध्ये चालेल का, ते विमान कंपनीला आधीच विचारा.