‘मी नाही मारलं, माझ्या अंगात आलं होतं’: अशा वेळी जबाबदारी कुणाची?

गावकी

गावच्या तंटामुक्ती समितीपुढे मारहाणीच्या तक्रारी येतात तेव्हा एक उत्तर वरचेवर ऐकू येतं. बायकोला मारणारा किंवा भावाच्या डोक्यात काठी घालणारा म्हणतो, "मी शुद्धीत नव्हतो, अंगात आलं होतं." कुणी बाहेरची बाधा सांगतो, कुणी सैतानाने बुद्धी फिरवली म्हणतो. घरचे लोकही री ओढतात, कारण बाधा मान्य केली की कर्त्या माणसाला दोष द्यावा लागत नाही. मग चर्चा करणी कुणी केली याकडे वळते आणि बोट बहुधा एखाद्या विधवेकडे किंवा एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे जातं. जिला मार बसला ती बाजूलाच राहते.

जाणकारांना विचारायचं आहे: कायद्यात हा बचाव चालतो का? खरोखर आजारी माणूस आणि पांघरूण घेणारा माणूस यांत फरक कसा करायचा? आणि लोकांच्या श्रद्धेशी भांडण न करता हे कसं बोलायचं?

---

फौजदारी_कोर्ट

थेट उत्तर: चालत नाही. भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) भूत, सैतान किंवा देवीचा संचार असा बचावच नाही. त्यातल्या त्यात जवळचं कलम २२, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ८४. कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतोय हेच समजत नव्हतं, किंवा ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे समजत नव्हतं, तर तो गुन्हा ठरत नाही.

इथे पुष्कळ जण फसतात. पाच वर्षांपूर्वीचा मनोरुग्णालयाचा कागद आणला म्हणून काम होत नाही. त्या घटकेला मनाची अवस्था काय होती हे महत्त्वाचं. दह्याभाई ठक्कर वि. गुजरात (१९६४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, आणि त्यासाठी कृत्याच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं पाहायचं असतं. सुरेंद्र मिश्रा वि. झारखंड (२०११) मध्ये स्पष्ट केलं की डॉक्टरी अर्थाने आजार असणं पुरेसं नाही, कायद्याला लागते ती समज हरवलेली अवस्था. ती दाखवण्याचा भार आरोपीवर असतो (भारतीय साक्ष अधिनियम, कलम १०८). मात्र फिर्यादी पक्षाला गुन्हा सिद्ध करावा लागतो तितका तो जड नसतो, शक्यतेचं पारडं आरोपीच्या बाजूने झुकलं तरी पुरतं.

म्हणून कोर्टात साधे प्रश्न निर्णायक ठरतात. दार आतून लावून घेतलं होतं का? काठी नंतर लपवली का? कपडे धुतले का? पळून गेला का? पोलिसांना वेगळीच हकिकत सांगितली का? यातलं एखादं ‘हो’ आलं तरी ‘मला कळत नव्हतं’ हे म्हणणं कमकुवत होतं.

दारूचं कलम वेगळं आहे. नशा नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिली गेली असेल तरच कलम २३ मदतीला येतं. स्वतःहून प्यायलेल्याला कलम २४ लागतं आणि त्याला साधारणपणे शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती असं धरलं जातं. ‘अंगात आलं’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण खरं तर या कलमात बसतात.

एक प्रकरण मात्र मुद्दाम वेगळं ठेवायला हवं, कारण त्याची या बचावाशी गल्लत होते. ओडिशात १९५८ साली एका नोकराने रात्री कंदिलाच्या उजेडात हलणाऱ्या बायकांना भुतं समजून खुकरीने वार केले. एक बाई मेली. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, पण ‘भुताने करवलं’ म्हणून नव्हे. समोर माणसं आहेत हेच त्याला प्रामाणिकपणे कळलं नव्हतं, म्हणून वस्तुस्थितीबाबतच्या चुकीचं कलम लावलं (तेव्हाचं ७९, आता १७). आपल्या बायकोला बायको म्हणून ओळखून मारणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात, १९८१ साली एका खुनाच्या खटल्यात वकिलाने सैतानी संचाराचाच बचाव मांडला होता. त्याचा पुरावा देता येत नाही म्हणून न्यायाधीशांनी तो दारातच अडवला. पुढे स्वसंरक्षणाचा बचाव घेतला आणि आरोपी सदोष मनुष्यवधात दोषी ठरला.

---

मानसोपचार_ओपीडी

वरच्या उत्तराला वैद्यकीय बाजू जोडतो. जत्रेत, गोंधळात, आरतीच्या वेळी अंगात येणं, ज्याला समाज मान्यता देतो आणि ज्याने त्या माणसाच्या जगण्यात बाधा येत नाही, तो आजार धरला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी ११ या वर्गीकरणात संचाराचा विकार (६बी६३) वेगळा नोंदवला आहे. त्यासाठी संचार अनैच्छिक हवा, प्रथेबाहेरचा हवा, त्रासदायक हवा आणि दारू, गांजा, औषध किंवा झटक्यांनी त्याचा उलगडा होता कामा नये.

समितीने निदान करू नये, पण माहिती नीट गोळा करावी. हे प्रश्न त्या माणसाला एकट्याने आणि घरच्यांना वेगळं घेऊन विचारा. प्रेक्षक असले की उत्तर बदलतं, आणि लोकांसमोर विचारल्याने खोटा संचार आणखी पक्का होतो.

गेल्या २–३ आठवड्यांत झोप कमी झाली होती का, एकटा बडबडत होता का, कुणी पाळत ठेवतंय असा संशय होता का? हे असेल तर मनोविकार किंवा उन्मादाचा आजार शक्य आहे. ‘आवाज येतात, मार असं सांगतात’ असं कुणी म्हणालं तर ते गंभीरपणे घ्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

जीभ चावली होती का, कपड्यात लघवी झाली होती का, नंतर अर्धा तास गोंधळलेला होता का? मग फिट्सचा विचार करावा. फिटमध्ये माणूस पकडणाऱ्याला ढकलेल, हात झाडेल. पण घरभर शोधून नेमक्या एकाच माणसाला काठीने मारणं फिटमध्ये जवळजवळ कधीच होत नाही.

रोज पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली होती का? थांबवल्यापासून २ ते ४ दिवसांत हातापायाला कंप, घाम, भास आणि दिशाभ्रम येऊ शकतो. याला ‘भूत लागलं’ म्हणून घरी ठेवलं तर माणूस दगावू शकतो. ही तातडीची वेळ असते, थेट रुग्णालय गाठा.

संचार सासऱ्यासमोर, सरपंचासमोर, हवालदारासमोर कधी येतो का? फक्त बायकोसमोर, दार बंद असताना आणि पैशांच्या वादातच येत असेल तर आवर घालण्याची क्षमता शाबूत आहे असं दिसतं.

आठवण नसणं हा पुरावा नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. दारूच्या भरात मेंदू आठवण साठवत नाही, पण त्या वेळी माणूस बोलत असतो, माणसं ओळखत असतो, निर्णय घेत असतो. ‘आज आठवत नाही’ आणि ‘तेव्हा कळत नव्हतं’ या वेगळ्या गोष्टी आहेत.

जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीत बोलता येतं. आजार निघाला तरी घरच्यांनी मारहाण सोसायची असं होत नाही. उपचार चालू असताना बाई आणि मुलं सुरक्षित जागी हवीत.

---

वसईचा_वाचक

श्रद्धेच्या बाजूने लिहितो, कारण धर्माचा आधार घेऊन जबाबदारी टाळणाऱ्याला धर्मानेच उत्तर देऊन ठेवलं आहे.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात (अध्याय ३) आदाम बायकोकडे बोट दाखवतो, ती सर्पाकडे. देव सर्पाला शिक्षा करतो, पण त्यामुळे त्या दोघांची सुटका होत नाही. तिघांना वेगवेगळा जाब आणि वेगवेगळी शिक्षा. याकोबाच्या पत्रात (१:१४) तर प्रत्येकाला मोहात ओढते ती त्याचीच वासना असं म्हटलं आहे. कॅथलिक पापनिवेदनात माणूस ‘मी केलं’ म्हणून येतो. ‘सैतानाने केलं’ म्हणणाऱ्याला फादर पुन्हा त्याच्याच कृतीकडे आणतात.

भूत काढण्याचा विधीही कुणी उठून करायचा नसतो. चर्चच्या कायद्याचं कलम ११७२ सांगतं की स्थानिक बिशपची स्पष्ट परवानगी हवी, आणि ती सुज्ञ, जाणत्या, निष्कलंक धर्मगुरूलाच मिळते. आधी आजार नाही ना याची खात्री करायची हेही चर्चच्या शिकवणीत आहे. प्रार्थनेच्या नावाखाली मारझोड करणाऱ्या कुणालाही चर्चचा आधार नाही.

कुराणात सूरह इब्राहीमच्या २२व्या आयतीत निवाड्याच्या दिवशी सैतान स्वतःच म्हणतो की माझी तुमच्यावर सत्ता नव्हती, मी फक्त हाक मारली, तुम्ही आलात, आता मला नको, स्वतःला दोष द्या. आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (३६, ३७) अर्जुन हाच प्रश्न विचारतो: इच्छा नसताना, जणू बळजबरीने, माणूस पाप का करतो? उत्तरात भूतपिशाच्च येत नाही. काम आणि क्रोध येतात, आणि पुढे इंद्रियं आवर असा आदेश येतो. म्हणजे काम करायचं ते ज्याचा राग आहे त्यानेच. गावातल्या कीर्तनकार महाराजांना किंवा मौलवींना बरोबर घेऊन हे सांगितलं तर श्रद्धा दुखावत नाही.

---

गावकी

फार उपयोगी. आता दोन अडचणी राहतात. घरचे त्याला भगताकडे न्यायचं म्हणतात, आणि करणीच्या संशयितेचं नाव बैठकीत उघड घेतलं जातं. तिथे काय करायचं?

---

विवेक_वाट

दोन्ही गोष्टींवर २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. भूत उतरवण्याच्या निमित्ताने दोरखंडाने किंवा साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, तापलेल्या वस्तूने चटका देणं हे अनुसूचीच्या पहिल्याच कलमात आहे. अमुक व्यक्ती करणी करते किंवा ती सैतान आहे असं जाहीर करणंही अनुसूचीत आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो, अर्ज त्याच्या नावे द्या.

बैठकीत करणीचं नाव निघालं की अध्यक्षांनी तिथेच थांबवावं आणि हा विषय इथे चालणार नाही असं इतिवृत्तात लिहावं. त्या बाईला उत्तर द्यायला कधीही बोलावू नये. बोलावणं हीच तिच्यावरच्या आरोपाला मिळालेली गावाची मान्यता होते, आणि रात्री तिच्या घरावर दगड पडतात ते त्यानंतर.

मनोरुग्णाला साखळीने बांधायला मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम ९५ नेही मनाई आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीत अडकलेली २८ माणसं पळू न शकल्याने गेली.

---

फौजदारी_कोर्ट

इतिवृत्ताबद्दल. घटना आधी लिहा, कारण नंतर: "अमुक तारखेला रात्री साधारण ९ वाजता, घरात, अमुक याने पत्नीला लाकडी काठीने डाव्या दंडावर व पाठीवर मारले. जखमा दिसतात. हजर व्यक्ती अमुक." त्याखाली वेगळ्या परिच्छेदात: "त्याचे म्हणणे की त्या वेळी अंगात आले होते." ‘अंगात आल्यामुळे मारहाण झाली’ असं एकाच वाक्यात लिहिलं की समितीनेच निष्कर्ष काढल्यासारखं होतं, आणि बचावाचा वकील तो कागद पुढे करतो.

नुसत्या हाताच्या मारासाठी न्याय संहितेचं कलम ११५(२) अदखलपात्र आहे, पण हत्यार वापरलं तर ११८(१) दखलपात्र होतं. पतीकडून क्रूरता असेल तर कलम ८५. बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवा, तो अर्ज समितीच्या समझोत्यावर अवलंबून नाही. तडजोड कोणत्या गुन्ह्यात चालते हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये दिलं आहे, काहींना कोर्टाची परवानगी लागते. त्याबाहेरचं प्रकरण गावात मिटवू नका.

आणि माणूस खरोखर आजारी ठरून निर्दोष सुटला तरी नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ३७३ प्रमाणे न्यायालयाला निकालात लिहावंच लागतं की ते कृत्य त्याने केलं होतं की नाही. त्यानंतर कलम ३७४ खाली त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं की हमी घेऊन नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं हे कोर्ट ठरवतं. तुमच्या समितीच्या कागदात घटनेची वेळ, जागा आणि जखमा नीट असतील तर दोन्ही टप्प्यांवर त्या बाईच्या कामी येतील.