विंडोज १०: कोण किती वाजता बसलं, किती वाजता उठलं ते कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

गावच्या वाचनालयाची अभ्यासिका मी संध्याकाळी सांभाळते. चार संगणक, चारहींवर विंडोज १० प्रो. सर्व्हर, डोमेन काही नाही. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली येतात, प्रत्येकाला वेगळं अकाउंट करून दिलंय आणि दिवसाला एक तास ठरवून दिलाय. वही आहे, पण वहीत सगळेच 'पाच ते सहा' लिहितात. ज्या मुलींना शेवटच्या एसटीने वाडीवर परतायचं असतं त्यांचा तास त्यात मारला जातो. हे मला थांबवायचंच आहे. कोण काय बघतं याच्याशी मला घेणंदेणं नाही, फक्त वेळ हवी.

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं त्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ म्हणजे लॉगऑन आणि ४६३४ म्हणजे लॉगऑफ, एवढं कळलं. पण ४६२४ ला फिल्टर लावला की टाइप ५ च्या नोंदींचा ढीग येतो, त्या सगळ्या सर्व्हिसेसच्या. टाइप २, म्हणजे मशीनसमोर बसून केलेले लॉगऑन, तेवढ्या वेगळ्या काढल्या तर त्यातही 'डीडब्ल्यूएम-१', 'यूएमएफडी-०' अशी विंडोजच्याच अंतर्गत खात्यांची नावं. मुलांची नावं शोधता शोधता डोळे दुखतात.

शिवाय लाइट गेली की लॉगऑफची नोंदच होत नाही. काही जण साइन आउट न करता उठतात, पुढचा 'स्विच युजर' करून बसतो, मग दोघांची वेळ एकावर एक चढते. विकतचं सॉफ्टवेअर परवडणार नाही. काय करावं?

उत्तर:
ताई, रोजच्या हिशेबाला सिक्युरिटी लॉग सोडा, सिस्टीम लॉग उघडा. तिथे विनलॉगऑनच्या (साइन इन सांभाळणारा विंडोजचा भाग) ७००१ आणि ७००२ वर फिल्टर लावा: आत आणि बाहेर, एवढंच दिसेल. नावाऐवजी डिटेल्समध्ये एसआयडी, म्हणजे विंडोजने त्या अकाउंटला दिलेला ओळख क्रमांक, येतो. कुठला कोणाचा ते एकदा लिहून ठेवा, मात्र प्रत्येक मशीनवर वेगळा असतो.

लाइट गेल्यावर पुढच्या वेळी मशीन चालू केलं की याच सिस्टीम लॉगमध्ये ६००८ ची नोंद पडते. आधीचं मशीन किती वाजता अचानक बंद पडलं ते त्यात लिहिलेलं असतं. तीच उठण्याची वेळ धरा, थोडं मागेपुढे होईल.

'स्विच युजर' ग्रुप पॉलिसीतून (विंडोजचे नियम ठरवायची सेटिंग्ज) लपवता येतं: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम, लॉगऑन. हे आधी करा, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

ताई:
खूप आभार! ७००१ लगेच सापडला. स्क्रीन लॉक करून चहाला जातात, तो वेळ कळेल का?

उत्तर:
कळेल. ऑडिट पॉलिसीत (कशाकशाची नोंद ठेवायची ते ठरवणारी सेटिंग्ज) 'अदर लॉगऑन/लॉगऑफ इव्हेंट्स' चालू करा, म्हणजे सिक्युरिटी लॉगमध्ये ४८०० लॉकची आणि ४८०१ अनलॉकची नोंद येईल. त्या लॉगची मर्यादा मुळात २० एमबी असते, भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती आजच वाढवा.