फायमोसिस: "दोन वर्षांत कातडी सरकली नाही तर कापा" म्हणणाऱ्यांना उत्तर

डिचोलीचा बाप
चवथीच्या तोंडावर वाड्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. परवा इथे कोणीतरी तो जसाच्या तसा आणून चिकटवला. मुलगा दोन वर्षांचा झाला तरी लघवीच्या जागेची कातडी मागे जात नसेल तर तो फायमोसिस. रोज आंघोळीत तेल लावून ओढा. तरी नाही गेली तर सुंता करून टाका, नाहीतर पुढे पोर होणार नाही. खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग!

अहो, जन्मतः ती कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. कोणाची तिसऱ्या वर्षी सुटते, कोणाची दहाव्या, कोणाची मिसरूड फुटायच्या वेळेला. ओस्टर नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासून १९६८ साली आकडे छापलेत. सहा-सात वर्षांच्या मुलांत ८ टक्क्यांची कातडी घट्ट, सोळा-सतराव्या वर्षी १ टक्का. बहुतेकांची वाढता वाढता आपोआप सुटली. कातडीखाली पांढरे दाणे दिसतात तो पू नव्हे, साचलेला मळ असतो, आपोआप बाहेर पडतो. शू करताना कातडी जराशी फुगते, पण धार नीट आहे आणि पोर रडत नाही, तर पोराला खेळू द्या. ओढलंत तर बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो, आणि नसलेला फायमोसिस तुम्ही स्वतः तयार करता. पोर होण्याचं म्हणाल तर वीर्य कातडीत तयार होत नाही.

डॉक्टर लागतो तो असा: वारंवार लाली-सूज येते, ताप आणि शू करताना जळजळ आहे, धार बारीक होऊन मूल कुंथतं, कातडीच्या तोंडाशी पांढरट कडक कडं दिसतं, किंवा आधी सरकणारी कातडी सरकेनाशी झाली. आणि मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल, बोंड सुजत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. आहे त्या वेळी कॅज्युअल्टी गाठायची.

सत्तरीची सून
वा, छान. "पोराला खेळू द्या." आम्हालाही एका खाजगी डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, नीट तपासलंसुद्धा नाही. आम्ही खेळू दिलं. नऊ वर्षांचा मुलगा शूला जाताना दाराला धरून उभा राहायचा. दुसऱ्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, हा बीएक्सओ आहे, म्हणजे लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार. यात थांबून काही सुटत नाही, उलट कातडी आवळत जाते. शेवटी सुंता करावीच लागली, शूचं भोकही आकसलं होतं ते मोठं करावं लागलं. तुमच्या त्या डॅनिश डॉक्टरांच्या १ टक्क्यात माझा मुलगा बसतो. ऑपरेशन म्हणजे कापाकापी, असं लिहून तुम्ही आयांना घाबरवताय.

डिचोलीचा बाप
ताई, पांढरं कडं मी लिहिलंय. वाचा तरी.

सत्तरीची सून
वाचलं. पांडित्य संपल्यावर, अगदी खाली. तिथपर्यंत कोण पोचतं?

म्हापशाची आजी
मला एक कळत नाही, तेल लावण्यावर सगळ्यांचा राग का? आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाय आहे, माझ्या मुलांना तिच्या आईने न्हाऊ घातलं. रोज थोडं थोडं मागे करायची. एकालाही काही झालं नाही. हल्लीच्या मुली मोबाइलवर बघून बाळंतपणं करतात आणि आम्हाला शिकवतात.

फोंड्याची आई
आजी, मी त्याच हल्लीच्या मुलींतली. माझ्या बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईने अशीच "थोडी" मागे केली आणि लंगोटाला रक्त लागलं. मी ओरडले तर सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांचं असंच करतात, तुझं पोर काय सोन्याचं? त्या दिवसापासून अंघोळ मी घालते आणि घरात बोलणं बंद आहे.

साखळीकर
नुसती कातडी कशाला, सगळंच घ्या की. नाक ओढून सरळ करायचं, डोकं दाबून गोल करायचं, कानात-नाकात तेल ओतायचं, आणि आठ-दहा दिवसांच्या पोराची छाती सुजली की पिळून दूध काढायचं! ती सूज आईच्या संप्रेरकांची असते, आपोआप जाते. पिळली तर गळू होतं. माझ्या भाच्याला झालं होतं, चीर देऊन पू काढावा लागला.

म्हापशाची आजी
मग बाळाला कोपऱ्यात ठेवून द्या, हातच लावू नका. नाक ओढल्याने कोणी मेलेलं ऐकलं नाही. बाळंतिणीचं अंग चोळून देते, शेक देते, घोटभर पेज पाजते, ते नाही आठवत कोणाला.

फोंड्याची आई
आठवतं ना. माझी पाठ तिनेच उभी केली. पण पाठीचे उपकार मुलाच्या कातडीवर फेडायचे का?

पर्वरीचा
बायकांनो, सासू-सुनांचं घरी मिटवा. धागा फायमोसिसचा आहे.

सत्तरीची सून
बायका मुलांना डॉक्टरकडे घेऊन तरी जातात. तुम्ही पुरुष स्वतःचं दुखणं लुंगीत लपवून फिरता.

केप्याचा मास्तर
बाईंचं बोलणं झोंबलं, पण खोटं नाही. साठीला आलोय. जन्मभर सरकणारी कातडी गेल्या वर्षी घट्ट झाली, चिरा पडायच्या, खाज. फार्मसीवाल्याने न विचारता एक ट्यूब दिली. बरं वाटायचं, परत तेच. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी कातडी बघायच्या आधी साखर तपासायला लावली. चांगलीच वाढलेली निघाली. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. म्हणजे चौघांत एक. आणि आपण इथे दोन वर्षांच्या पोरांच्या मागे लागलोय! मोठ्या माणसाची कातडी नव्याने आवळली तर आधी साखर बघा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यानेही तिथे बुरशी धरते. गोळी मनाने थांबवू नका, डॉक्टरांना सांगा. आणि घट्ट कातडीखाली वर्षानुवर्षं मळ आणि सूज राहिली तर कॅन्सरचा धोका वाढतो, हेही लाज बाजूला ठेवून ऐका.

पर्वरीचा
मास्तर, म्हणजे मलम वाईट? मग डॉक्टर मलमच का देतात?

निवृत्त नर्स, मडगाव
मलम वाईट नाही. फार्मसीतली सगळं कालवलेली ट्यूब वाईट, स्टिरॉइड, बुरशीचं, जंतूंचं, जे हाताला लागेल ते. घट्ट कड्याला साधं बेटामेथासोन (नुसत्या स्टिरॉइडचं मलम) डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे, फक्त त्या कड्याला. सोबत दुखणार नाही इतपतच हलका ताण. बऱ्याच मुलांचं यावर भागतं, चाकू लागत नाही. बीएक्सओ असेल तर मात्र मलमावर विसंबून चालत नाही, तिथे ताई बरोबर आहेत.

आणि ज्याबद्दल कोणीच बोलत नाही ते सांगते. घरी म्हाताऱ्या माणसाला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असतो. साफ करताना कातडी मागे घेतात आणि पुढे आणायची राहून जाते. काही तासांत सूज येते, रक्त अडकतं. त्या माणसाला सांगतासुद्धा येत नाही. कातडी पुढे आली की नाही हे बघूनच चादर घाला. अशा वेळी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात न्या नाहीतर जवळच्या जिल्हा इस्पितळात, पण हळद लावत बसू नका.

डिचोलीचा बाप
ठीक. सत्तरीच्या ताईंच्या समाधानासाठी पांढरं कडं सगळ्यात वर नेतो. मास्तरांची साखरही घालतो. "ओढू नका" मात्र हलणार नाही.

सत्तरीची सून
कोणी सांगितलं हलवायला? "कापाकापी" काढा आणि "ऑपरेशन" लिहा, एवढंच.

डिचोलीचा बाप
मूळ लेखात "कापाकापी" नाहीच. तो तुमचाच शब्द.

सत्तरीची सून
शीर्षकात "कापा" आहे. ते काय भाजीबद्दल आहे?

म्हापशाची आजी
आमच्या बायला विचारलं आत्ताच. म्हणते, कातडी ओढायची तिने कधीच सोडली, आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिला दम दिला होता. मलाच सांगितलं नव्हतं. नाक मात्र ओढणार म्हणाली.

साखळीकर
नाकाचा वेगळा धागा काढा. मी येतो.