कवितेवर नुसतं 'वा, छान' पुरे का? की खटकलेलं तोंडावर सांगायचं?

खाडीकाठ:
रत्नागिरीच्या बाजूला आमचा एक छोटा कवितेचा कट्टा आहे, वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा भरतो. शिक्षक, एसटीतले, बँकेतून रिटायर झालेले, अंगणवाडीच्या ताई, थोडी कॉलेजची पोरं. सगळे हौशी. प्रत्येकजण वाचतो आणि प्रत्येकाला 'वा वा, सुंदर, काळजाला भिडलं' हे मिळतंच. मागच्या बैठकीत एका काकांनी कविता वाचायला घेतली, पहिली ओळ होती 'नदीच्या मुखाशी उभी होडी माझी'. एकजण म्हणाला, काका, भुजंगप्रयात वृत्त आहे पण 'होडी'पाशी अडखळतंय. बस, एवढंच. खोली एकदम गप्प, काकांनी वही मिटली, आणि आता निरोप आलाय की यापुढे यायला जमणार नाही. तेव्हापासून दोन तट पडलेत म्हणून इथे विचारतोय.

माझं मत स्पष्ट आहे, सांगायलाच हवं. माणूस घरी वहीत लिहून ठेवू शकतो, चारचौघांत वाचतो म्हणजे त्याला कुणीतरी नीट ऐकायला हवं असतं, आणि नीट ऐकलं की कुठेतरी खटकणारच. फक्त सांगायचं कसं ते ठरवू या. ओळीवर बोट ठेवा, तिथे आपलं काय झालं ते सांगा. 'इथे मी अडखळलो', 'ही प्रतिमा माझ्या डोळ्यासमोर आली नाही'. 'तुम्हाला वृत्त जमत नाही' असं म्हटलं की ते ओळीवरून माणसावर जातं, ते नको.

आणि दुसरं, ज्याबद्दल कुणी बोलतच नाही. सगळ्यांनाच छान म्हटलं की जे खरंच छान आहे त्याची वाट लागते. त्याच बैठकीत एका मुलीने आंब्याच्या पेट्यांवर बागायतदारांची नावं रंगवणाऱ्या बापावर आठ ओळी वाचल्या. दुसऱ्यांची नावं रंगवून त्याच्या नखात रंग बसलाय आणि घराच्या दारावर मात्र स्वतःच्या नावाची पाटी नाही, एवढंच होतं त्यात. अंगावर काटा आला. तिलाही तेच 'छान' मिळालं जे वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या कवितेला मिळालं. तिला कसं कळणार की तिने काय लिहिलंय?

सुरंगीचा वळेसर:
दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण मला हे अजिबात पटत नाही.

हे लोक कवी व्हायला येत नाहीत. महिनाभर घर, शेत, म्हातारी माणसं, ट्युशन बघून एक संध्याकाळ स्वतःची म्हणून येतात. आमच्या वेंगुर्ल्याकडे एक वहिनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायच्या. खूप आग्रह करून एकदा त्यांना वाचायला लावलं, आणि एका जाणत्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'यात कविता कुठे आहे?' त्या हसल्या, खाली बसल्या, नंतर कधी वाचलं नाही, लिहिणंही थांबलं असं त्यांच्या मुलीकडून कळलं. आता मला सांगा कुणाचा काय फायदा झाला?

ती टाळी कवितेला नसतेच मुळात, उभं राहून वाचलं त्याला असते. बाई वाचायला उभी राहिली की हात थरथरत असतात, ते तुम्हाला दिसत नसेल, मला दिसतं. आणि सल्ला देणारे बहुतेक वेळा पुरुष आणि ऐकून घेणाऱ्या बायका, हे पण एकदा मोजून बघा. न विचारता सल्ला देऊ नये एवढंच माझं म्हणणं.

लगागा लगागा:
'होडी'बद्दल बोललेला माणूस मीच. माझं म्हणणं पूर्ण ऐका मग काय ते ठरवा.

भुजंगप्रयातात लगागा, म्हणजे एक लघु (आखूड) आणि दोन गुरू (लांब) अक्षरं, चार वेळा येतं, ओळीत बारा अक्षरं. न-दी-च्या, मु-खा-शी, इथपर्यंत चोख. मग उ-भी-हो, हेही बरोबर. पुढे 'डी' येतो तिथे लघु पाहिजे आणि 'डी' गुरू आहे, म्हणून म्हणताना जीभ अडते. हे माझं मत नाही, कुणीही चालीत म्हणून बघावं. उपायही साधा होता, 'उभी नाव माझी' केलं की ओळ सरळ बसते, पण तो सांगायच्या आत वही मिटली गेली.

उर्दूत इस्लाहची परंपरा आहे, शागीर्द उस्तादाकडे गझल नेतो आणि उस्ताद शब्द बदलून देतो, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. आपल्याकडेही रविकिरण मंडळातले कवी पुण्यात शंभर वर्षांपूर्वी एकत्र जमून एकमेकांच्या कविता ऐकतच होते ना. वृत्तात लिहायचं हे काकांनी स्वतः ठरवलं. मुक्तछंदात लिहिलं असतं तर मी मात्रांचा म सुद्धा काढला नसता. पण वृत्त घेतलं की त्याचा हिशोब आला, तिथे गप्प बसणं म्हणजे त्यांना सिरियसली न घेणं. सुरंगी ताई, वहिनींना जे विचारलं गेलं ते वाईटच होतं, पण तो प्रश्न आणि 'डी गुरू आहे' हे एकाच पारड्यात नका टाकू.

मालवणी झील:
'नाव' कोण म्हणता आमच्याकडे? समुद्रात जाणारो माणूस होडी म्हणता, पात म्हणता, आता बोट म्हणता. वृत्तासाठी 'नाव' घातलंत की ती ओळ शाळेतल्या पुस्तकातली झाली. होडीच ठेवायची असेल तर 'उभी एक होडी' करा, लगागा बसतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मी मालवणीत लिहितो. 'पावस इलो, परड्यात पाणी भरला' अशी सुरुवात असलेली कविता एका ठिकाणी वाचली तर प्रतिक्रिया काय, 'भाव चांगला आहे पण शुद्ध लिहा'. आता ह्याका काय म्हणाचा? माझी आवस जशी बोलता तसा मी लिवलंय, त्यात अशुद्ध काय आसा? भाषेचा हा माज प्रतिक्रियेच्या नावाखाली खूप चालतो. म्हणून आमच्यातले बरेचजण मालवणी कविता गावच्या कार्यक्रमातच वाचतात, बाहेर नाही. तुम्ही नियम करताय तर पहिला नियम हा करा की बोलीला हात लावायचा नाही.

खाडीकाठ:
झील, हे शंभर टक्के मान्य.

पण सुरंगी ताई, एक बघा. तोंडावर बोलणं हे आपल्या कोकणाला नवीन आहे का? तुमच्या सिंधुदुर्गात डबलबारी होते, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, एका बुवाने रूपावली, अभंग, गौळण म्हटली की समोरचा बुवा आपल्या बारीत त्यातल्या चुका काढतो, लोक पहाटेपर्यंत बसून ऐकतात. आमच्याकडे शक्ती-तुऱ्यात एका बाजूचे शाहीर दुसऱ्या बाजूला गाण्यातून सवाल टाकतात, उत्तर आलं नाही तर अख्ख्या गावासमोर नाक कापलं जातं. त्यातूनच शाहीर तयार होतात, कवनं पक्की होतात, कारण माहीत असतं की समोर ऐकणारा बसलाय. ते लोकही हौशीच, दिवसा शेतात नाहीतर मुंबईत कंपनीत. मग कवितेलाच एवढं जपायचं कशाला?

सुरंगीचा वळेसर:
कारण तिथे दोघेही सामना खेळायला आलेले असतात! बुवाच्या मागे त्याचं मंडळ असतं, पखवाज, टाळ, कोरस, त्याला उत्तर द्यायला पूर्ण बारी मिळते. आणि ज्याच्यावर टीका झाली तो तासाभरात परतफेड करतो. आमच्या वहिनींना कुठली बारी मिळाली? एकटी उभी होती बाई. डबलबारीतल्या बुवाने आधी वर्षानुवर्ष कोरसमध्ये झील ओढलेली असते, मग तो पेटीवर बसतो. तुम्ही पहिल्यांदा वाचणाऱ्याला थेट पेटीवर बसवून वर चुका काढताय.

ओटीवरची:
मी शाळेत मराठी शिकवते, दापोलीकडे. दोघांचंही वाचलं. मला वाटतं वाचायच्या आधी कवीनेच सांगावं, 'आज फक्त ऐका' किंवा 'मला सांगा कुठे खटकतंय'. मुलांच्या बाबतीत मी हेच करते. ज्याने सांगा म्हटलं त्याला सांगायचं, ज्याने नाही म्हटलं त्याला टाळी. भांडणच मिटलं.

लगागा लगागा:
मॅडम, मिटणार नाही. चारचौघांत उभं राहिल्यावर 'फक्त ऐका' म्हणायला कुणालाच आवडत नाही, कमीपणा वाटतो, सगळे 'अगदी मोकळेपणाने सांगा हं' असंच म्हणतात आणि मनात वाट बघतात ती कौतुकाची. आणि कौतुकाचं तरी काय चाललंय? अहो रूपम् अहो ध्वनिः. मी तुमच्या कवितेला अप्रतिम म्हणायचं, तुम्ही माझ्या. काहीजण समोरचा वाचत असताना स्वतःच्या कवितेची पानं चाळत असतात आणि शेवटची ओळ संपली की सगळ्यात मोठ्याने 'क्या बात है' त्यांचंच. मला हे फार लागतं. त्यापेक्षा एखाद्याने म्हणावं की तुझी तिसरी ओळ मला कळली नाही, निदान तिसऱ्या ओळीपर्यंत तो जागा होता.

भाट्याकडचा:
इतका वेळ सगळे मात्रा मोजताय म्हणून लिहितो. मी त्या काकांच्या शेजारच्या वाडीतला, आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मासेमारी. ती पूर्ण कविता मला त्यांनी आधी दाखवली होती. पुढे एक ओळ आहे, आषाढात रात्री होडी घेऊन जाळी टाकायला निघालो अशा अर्थाची. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना सरकारची बंदी असते, आणि बंदी नव्हती तेव्हाही आषाढातल्या उधाणात लहान होडी बाहेर काढायची कुणाची हिंमत नव्हती. होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय दर्यात उतरत नाहीत. हे मी त्यांना ओट्यावर बसून सांगितलं, ते रागावले नाहीत, उलट अर्धा तास जुन्या होडीबद्दलच बोलत बसले, ती विकावी लागली होती, त्याबद्दल. 'नदीच्या मुखाशी' पण कुणी म्हणत नाही इथे, खाडीचं तोंड म्हणतात, तेही सांगितलं.

म्हणून माझा मुद्दा असा की काय सांगितलं त्याने माणूस दुखावत नाही, कुठे आणि कुणी सांगितलं त्याने दुखावतो. कट्ट्यावर पहिलंच वाक्य 'डी'वर आलं, होडी कुणाची, कुठे गेली, हे कुणी विचारलंच नाही.

मालवणी झील:
भावा, मुद्दा बरोबर पण होडी विकली ते इथे लिहायला नको होतं. त्यांची घरची गोष्ट आहे.

भाट्याकडचा:
कवितेतच आहे ते, शेवटच्या कडव्यात. तरी पण काकांनी इथे वाचलं आणि त्यांना नको वाटलं तर काढायला सांगेन.

लगागा लगागा:
शेवटच्या कडव्यापर्यंत आम्हाला पोचूच दिलं नाही ना त्यांनी. विकलेली होडी आहे हे आत्ता कळलं, मग तर झीलची 'एक होडी'ही चालणार नाही, 'माझी' हा शब्दच कवितेचा जीव आहे. दुपारपासून डोक्यात घोळतंय, हे बघा:

*नदीच्या मुखाशी उभी तीच होडी*
*अता ती न माझी, तरी ओळखीची*

मात्रा चोख आहेत. काकांना आवडलं तर घ्यावं, नाहीतर सोडून द्यावं, माझा काही हक्क नाही त्यावर.

सुरंगीचा वळेसर:
ओळी सुंदर आहेत, खरंच. पण ह्याच गोष्टीला माझा विरोध आहे! ही आता तुमची कविता झाली. काकांची ओळ ओबडधोबड होती पण त्यात एक म्हातारा माणूस विकून टाकलेल्या होडीला अजून 'माझी' म्हणत होता. तुमच्यात तो शहाणा झालाय, 'न माझी' असं कबूल करून मोकळा झालाय. त्याने कबूल केलं नव्हतं हो. चूक दाखवा, हवं तर दाखवा, पण दुसऱ्याची ओळ स्वतः लिहून देऊ नका. मात्रा बसवायला तुम्ही त्यांचं दुःखच बदललंत.

खाडीकाठ:
ताई, हे जे तुम्ही आत्ता लिहिलंत ना, ही मी कट्ट्यावर आजवर ऐकलेली सगळ्यात चांगली प्रतिक्रिया आहे. काकांच्या ओळीत काय होतं ते मला स्वतःला तुमच्यामुळे कळलं. आणि तुम्ही म्हणता सांगूच नका! हे असंच सांगायचंय, दुसरं काय मागतोय मी.

पुढच्या बैठकीला असं करून बघायचा विचार आहे. वाचणाऱ्याने कवितेच्या झेरॉक्स आणायच्या, ऐकताना प्रत्येकाने एका आवडलेल्या ओळीखाली रेघ आणि एका अडलेल्या ओळीपाशी फुली, कागद थेट कवीच्या हातात, चारचौघांत चर्चा नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला फक्त रेघा. काकांकडे मी आणि भाट्याकडचा रविवारी जाऊन येतो.

सुरंगीचा वळेसर:
जाऊन या, पण वृत्ताचा विषय काढू नका, त्यांनी काढला तर बोला.

ओटीवरची:
झेरॉक्सला मात्र माझा विरोध. आयुष्यभर पेपर तपासलेत मी, हातात पेन आणि समोर कागद आला की माझं ऐकणं बंद होतं आणि नजर चुका शोधायला लागते, माझीच काय सगळ्यांची. शिवाय वाचून दाखवायची कविता कानावर टिकली पाहिजे. कागद देऊ नका, कवीला दोनदा वाचायला सांगा. दुसऱ्या वाचनानंतर जी ओळ ऐकणाऱ्याला पाठ म्हणता येते ती त्याने म्हणून दाखवावी. फुलीची गरज नाही, कुठली ओळ कुणालाच आठवली नाही ते कवीला तिथेच कळेल.

लगागा लगागा:
मॅडम, दोनदा वाचन चालेल, पण फुली काढून टाकू नका. ओळ आठवली नाही म्हणजे ती कच्ची असंच नसतं, कधी चांगली ओळ उशिरा उतरते. मला माझ्या कवितेवर फुली हवीये, रेघ नाही मिळाली तरी चालेल. ज्यांना नको त्यांनी कागद आणू नये, मी माझे आणणार.