जपानीत 'लोक काय म्हणतील'ला पाचपैकी किती मार्क?

निहोंगोवाली (धागाकर्ती)
काल एका ग्रुपवर पोस्ट वाचली तेव्हापासून डोकं फिरलंय. म्हणणं असं की वजनावरून माणूस स्वतःला किती कमी लेखतो ते मोजायची जी अमेरिकन प्रश्नावली आहे (२०१० ची, १२ वाक्यं, प्रत्येकाला १ म्हणजे मुळीच नाही ते ५ म्हणजे अगदी हो), ती जपानीत आणायला लोक महिनोनमहिने कशाला घालवतात, एआयला द्या, चहा उकळेपर्यंत भाषांतर तयार. आणि वर, जपान्यांना हवीच कशाला, ते सगळे काडीपैलवान!

अरे बाबांनो, भाषांतर चहा उकळेपर्यंत होतं हे मलाही माहितीये, पोट त्यावरच चालतं माझं. पण एकच वाक्य घ्या, लोक माझ्याबद्दल काय विचार करतात याने मला अस्वस्थ वाटतं, अशा अर्थाचं. जपानीत सहज सुचतं ते 'हितो नो मे गा कि नि नारु', म्हणजे लोकांच्या नजरेची काळजी वाटते. शब्द चोख, व्याकरण चोख. फक्त हे वाक्य तिकडे बारीक, जाड, म्हातारं, तरणं कोणीही कशावरूनही बोलतं, कचरा चुकीच्या वारी बाहेर ठेवला तरी बोलतं. सेकेन्तेइ म्हणजे आपलं लोक काय म्हणतील, तेच. मग अमेरिकेतल्या बाईने ४ वर खूण केली आणि ओसाकातल्या माझ्या शेजारणीने ४ वर केली तर दोघींचं दुःख सारखं का? शब्द आणणं सोपं आहे हो, त्या 'हो'चं वजन कसं आणणार?

दुसरं, त्या प्रश्नावलीत 'वजनाचा प्रॉब्लेम' सारखा येतो. जपानमध्ये विशीतल्या पाचातली जवळपास एक मुलगी कमी वजनाची आहे, आणि त्यातल्याही कितीतरी डाएटवर असतात. तीही म्हणणार, हो, मला वजनाचा प्रॉब्लेम आहे. घ्या, लावा आता हिशोब.

खवचट_काका
सुमो पैलवानांना वाटून टाका ना प्रश्नावली, काम खतम. त्यांचा तर मान असतो तिकडे.

निहोंगोवाली
काका, सुमो येणार हे माहीतच होतं, फक्त पहिल्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाला मान आहे म्हणून तिथल्या जाड मुलीला कोणी चिडवत नाही का?

आकडेमोड
भाषावाल्यांचं हे नेहमीचंच, एक वाक्य धरायचं आणि सगळं शास्त्र धुऊन काढायचं. तुम्ही जे सांगताय ते कोणालाच माहीत नाही असं वाटतं का? भाषांतर झालं की दुसऱ्याकडून ते परत मूळ भाषेत आणून ताडायचं, हे 'उलट भाषांतर' ब्रिसलिन नावाच्या संशोधकाने १९७० सालीच मांडलं, आणि ते जुळलं म्हणजे काम झालं असं आज कोणीही म्हणत नाही. आधी पाच-दहा लोकांना समोर बसवून विचारतात, हे वाक्य वाचून तुमच्या मनात काय आलं. मग शेकड्यांनी लोकांकडून भरून घेतात, घटक विश्लेषण करतात (कुठल्या वाक्यांची उत्तरं एकत्र हलतात ते बघणं), मूळ प्रश्नावलीतले दोन गट (स्वतःला कमी लेखणं आणि लोक वाईट वागतील याची भीती) तसेच पडतात का बघतात, काही आठवड्यांनी त्याच माणसांना पुन्हा देतात, उत्तरं तशीच येतात का बघायला. तुमच्या 'हो'चं वजन वेगळं असेल तर ते दोन देशांचा डेटा शेजारी ठेवून तपासता येतं, आणि जे वाक्य सगळेच सरसकट ४ देतात ते तिथे उघडं पडतं. ओसाकातली तुमची शेजारीण हा डेटा नव्हे.

निहोंगोवाली
माझी शेजारीण डेटा नाही, पण वाक्य का उघडं पडलं हे तुमचं सॉफ्टवेअर सांगत नाही, शेजारीण सांगते.

आणि उलटी वाक्यं घ्या, म्हणजे जिथे 'हो' म्हटलं की स्वतःला कमी लेखत नाही असं धरतात. अशीच दुसरी २००८ ची ११ वाक्यांची प्रश्नावली आहे, तिचं पहिलंच वाक्य साधारण असं की जाड असले तरी मी इतरांइतकीच सक्षम आहे. जपानीत 'मी इतरांइतकीच सक्षम' असं कोण स्वतःहून म्हणतं? तोंडावर फुशारकी वाटते. नाही म्हणणारी बाई वजनामुळे नाही म्हणतेय की रीत म्हणून, कसं कळणार?

आकडेमोड
हे बरोबर आहे. ते वाक्य इंग्रजीतसुद्धा बाकीच्यांबरोबर नीट बसत नाही, बऱ्याच ठिकाणी काढूनच टाकलंय. शिवाय जपानी लोक मधल्या खुणेकडे जास्त झुकतात हेही १९९५ च्या अभ्यासात दिसलंय, जपान, तैवान, कॅनडा आणि अमेरिकेतली मुलं होती त्यात. एवढं मान्य. यापुढे नाही.

एदोगावाकर
काडीपैलवान म्हणणाऱ्या पोस्टवाल्याला माझ्याकडे पाठवा. तोक्योत अकरा वर्षं झाली. इथे २००८ पासून ४० ते ७४ च्या लोकांची कंबर टेपने मोजतात, पुरुषाला ८५ सेंटीमीटरची रेघ, बाईला ९० ची. आमच्या ऑफिसच्या तपासणीत माझी ९१ भरली. नर्स इतकी गोड हसून 'मेताबो' (मेटाबॉलिक सिंड्रोमचं जपानी लघुरूप, म्हणजे पोट सुटलेला) म्हणाली की मीच सॉरी म्हटलं, कशाबद्दल कोणास ठाऊक. बायकोची ८८, ती पास! घरी आल्यापासून रोज ऐकवते. माझ्या पुढचा माणूस पोट आत ओढून उभा होता, नर्स शांतपणे थांबली, शेवटी त्याला श्वास सोडावाच लागला. नंतर कॅन्टीनमध्ये त्याने भात अर्धा घेतला आणि कोणी न विचारताच ते सगळ्यांना सांगितलं. अमेरिकेत लठ्ठपणा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० ला सुरू होतो, इथे २५ लाच. म्हणजे मी तिकडे नुसता 'जरा जास्त' आणि इथे आजारी. एकच माणूस, दोन रकाने. आकडेमोडसाहेब, हे कुठल्या विश्लेषणात बसवणार?

डॉ_कडूकाढा
मी फिजिशियन आहे, रोज हे बघतो. स्टिग्मा (कलंक) स्टिग्मा करत आता पेशंटला वजन कमी करा म्हणायची पण चोरी झालीय. गुडघे बोलतायत, शुगर बोलतेय, फक्त डॉक्टरने बोलायचं नाही! प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा लोकांना चालायला लावा. आणि शब्द बदलून काय होणार आहे, मधुमेहाला गोडरोग म्हटलं म्हणून साखर उतरते का?

निहोंगोवाली
डॉक्टर, नेमकं उदाहरण दिलंत. मधुमेहातला मेह म्हणजे मूत्रच ना? जपानी तोन्योब्यो पण तसंच, साखर, लघवी, आजार. हे नाव लाजिरवाणं वाटतं म्हणून २०२३ मध्ये तिकडच्या मधुमेहवाल्या संस्थांनीच 'दायाबेतिसु' सुचवलं. आणि स्किझोफ्रेनियाचं जुनं नाव होतं 'मन दुभंगल्याचा आजार', ते २००२ मध्ये बदललं. त्याआधी डॉक्टरच पेशंटला निदान सांगायला कचरायचे, जेमतेम ३७ टक्क्यांना सांगत होते, तीन वर्षांत ते ७० च्या आसपास गेलं. तोंड उघडलं ते डॉक्टरांचंच.

डॉ_कडूकाढा
ते मनाच्या आजाराचं. वजन काट्यावर दिसतं, त्याला नाव काहीही द्या.

जाईजुई
काट्यावर दिसतं म्हणूनच तर बाकीचं काही दिसत नाही तुम्हा लोकांना. मी दोन वर्षं एका डॉक्टरकडे थकवा, केस गळणं, पाळी अनियमित हे घेऊन जात होते, दर वेळी एकच उत्तर, वजन उतरवा. शेवटी दुसरीकडे गेले तर थायरॉइड निघालं. दोन वर्षं! तोपर्यंत मला खरंच वाटायला लागलं होतं की मीच आळशी, मलाच कंट्रोल नाही. त्या प्रश्नावलीत हेच विचारतात ना? मग मी सगळीकडे ५ दिले असते.

डॉ_कडूकाढा
एका डॉक्टरवरून सगळ्यांना झोडपू नका. थायरॉइड टेस्ट मी पहिल्या भेटीत करतो.

जाईजुई
करा हो, उपकार आहेत. माझ्या आत्येभावाच्या लग्नात साताऱ्याला एका मावशींनी हात धरून चारचौघांत सांगितलं, 'तब्येत छान सुधारलीय हं तुझी.' ती शिवी आहे हे सगळ्या मांडवाला कळतं आणि शिवी म्हणून दाखवता पण येत नाही. हे जपानीत कसं आणाल?

खवचट_काका
मावशी प्रेमाने म्हणाल्या असतील, आमच्या वेळी तब्येत सुधारली म्हणजे कौतुकच होतं, दुष्काळ बघितलेली माणसं आम्ही. तुम्हाला सगळंच लागतं बुवा.

जाईजुई
काका, प्रेमाने म्हणाल्या तर लगेच 'आता स्थळं बघताना जपून' असं कशाला म्हणाल्या?

आकडेमोड
धागा जपानवर होता ना, मांडवात कसा पोचला?

एदोगावाकर
पोचू द्या, जपानमध्ये पण मांडवच आहे, फक्त आवाज कमी असतो.

निहोंगोवाली
जाईजुई, तुझ्या मावशीच्या वाक्याला जपानी जोडीदार आहे! 'कान्रोकु गा त्सुइता', म्हणजे भारदस्तपणा आला. पोट सुटलेल्या मॅनेजरला हसत म्हणतात, आणि त्यालाही कळतं.

आणि आकडेमोड, एक कबूल करते, तुमच्याशिवाय माझी शेजारीण नुसती गप्पाच. पण 'लोक माझ्याशी भेदभाव करतात' यात 'साबेत्सु' घातलं तर तो शब्द तिकडे इतका जड आहे, जन्मावरून, वंशावरून जे होतं त्याचा, की नुसतं वजनावरून हिणवलेला माणूस म्हणेल छे, साबेत्सु वगैरे काही नाही, आणि १ देऊन मोकळा होईल. तुमच्या तक्त्यात तो सुखी दिसेल.

खवचट_काका
ते कान्रोकु बायकांना पण म्हणतात का?

निहोंगोवाली
म्हणणं बापयांना शोभतं ते. बाईला तोंडावर काही म्हणत नाहीत, नुसतं बघतात.

आकडेमोड
म्हणजे पुरुष आणि बायकांसाठी वाक्यं सारखीच चालतात का ते वेगळं तपासावं लागेल, आणि त्याला मोठा नमुना लागेल. आलात ना शेवटी माझ्याकडेच.