कॅन्सरच्या दुखण्यावर मालिश: उपचार की नुसती समजूत?

मोरपीस: आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलाय. दुखणं थांबवायला मॉर्फिन चालू आहेच. रात्री पाय ठणकतात म्हणून कोमट खोबरेल लावून तळवे, पोटऱ्या हलक्या हाताने चोळते. वीसेक मिनिटांत तिची आवळलेली मूठ सुटते, डोळा लागतो. भाऊ ओरडतो, "रोग पसरवशील!" डॉक्टरांनी फक्त पाठीला-कमरेला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. तुम्हाला काय वाटतं?

पिठलंभाकरी: आईंना बरं वाटतंय ना, मग करा. पण 'थेरपी' म्हणू नका. अमेरिकेत बळावलेल्या कॅन्सरच्या ३८० रुग्णांवर चाचणी झाली, २००८ साली छापून आली. काहींना मालिश, काहींच्या अंगावर नुसता हात ठेवायचा. मालिशने त्या वेळेपुरतं दुखणं जास्त उतरलं, पुढे टिकणारा फरक दोन्हींत दिसला नाही. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६च्या आढाव्यातही पुरावा कच्चाच ठरला. आणि लोक पॅकेजं विकतायत!

मोरपीस: टिकत नाही म्हणे. मॉर्फिनची साधी गोळी तरी चार तासच पुरते. पुन्हा देतातच की.

पिठलंभाकरी: गोळीचा डोस मोजून वाढवता येतो, ताई. आधीच तिच्या नावाने घरोघरी धसका. २०१४ला मॉर्फिनसाठी अमली पदार्थांचा कायदा सैल झाला, पण "सवय लागेल" काही सुटत नाही. आमच्या काकांना तीन आठवडे रोज मालिश, आणि गोळ्यांची पट्टी कपाटात न फोडलेली. मला राग त्याचा आहे.

हातखंडा: मी फिजिओ आहे. मालिशने कॅन्सर पसरतो याला पुरावा नाही, गाठीवर मात्र दाब द्यायचा नाही. पिठलं, तुमच्या काकांचं वाईट झालं, पण दोष गोळी बंद ठेवण्याचा. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शनातही शेवटच्या टप्प्यातल्या दुखण्याला मालिश देता येईल असंच आहे, औषधाच्या जोडीला. प्लेटलेट कमी असतील तर जोर नको, रेडिएशनचा शेक घेतलेल्या कातडीला तर हातच नको. मोरपीस, दोन्ही पोटऱ्या सारख्याच दिसतात ना? एक सुजलेली, गरम असेल तर चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते.

मोरपीस: डावी कालपासून जरा फुगलीय. मला वाटलं, पाय लोंबकळत ठेवून बसते म्हणून. सकाळी डॉक्टरांना विचारते.

पिठलंभाकरी: सकाळी कशाला? आत्ता फोन करा.

मोरपीस: लावतेय.